चॅनल सोळावर बदक

मालीमच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्याला लागून माझं दुकान.
एक टेबलफॅन, सोल्डरिंगची तार,
आणि पोट फाडून ठेवलेले वायरलेस सेट,
शेजारच्या फळीवर इसवण असते तसे.

बाबा मोठ्या बोटींवर मार्कोनी होते.
रजेवर घरी आले तरी ताटाच्या कडेवर बोट वाजवत राहायचे.
आई म्हणायची, आता कुणाला हाक मारताय,
मी इथंच आहे.
त्यांनीच शिकवलं:
बोलायचं तर बटण दाब, ऐकायचं तर सोड,
दोन्ही एकदम होत नाही.

त्या रात्री काळोख होता, म्हणजे मासळीचा.
सगळे ट्रॉलर बाहेर. उशाशी सेट,
सोळावर लावलेला. सोळा नंबर गप्पांचा नव्हे,
हाक मारायची, उत्तर आलं की दुसऱ्या चॅनलवर जायचं.
बुडणाऱ्यासाठी ती वाट मोकळी ठेवायची.

अडीच वाजता सेटमधून आलं,
ब.
मग इंजिनाची घरघर.
द.
कुणीतरी थुंकी गिळली.
क.
ब, द, क. बद. बदक.
आणि मग हळूच, स्वतःलाच शाबासकी दिल्यासारखं,
हां, बदक.

आवाज ओळखायला वेळ लागला नाही.
कुष्टा तांडेल, ‘सातेरी प्रसन्न’चा.
बावन्न वर्षांचा. खडक, गाळ, भोवरे
पाण्याच्या रंगावरून सांगणारा.
बर्फाच्या पावतीवर मात्र अंगठा,
आणि म्हणायचा, हाताक ग्रीस लागलां रे.

त्याच्या माइकचं बटण आत अडकलं होतं.
त्याला ते ठाऊक नव्हतं,
आणि सांगणार कसं? अडकलेल्या बटणाला कान नसतात.
शापोऱ्यापासून वास्कोच्या खारीवाड्यापर्यंत
प्रत्येक केबिनमध्ये नातीचं पुस्तक उघडं पडलं होतं.
छत्री झाली. जहाज आलं. कुष्टा थांबला.
चित्र बघत असावा.
मग हसला. कसलं जहाज हे,
अँटेनाच नाही.

मी अंथरुणात बसून हसले.
मग आठवलं, वाट अडली आहे.
ह्या घडीला कुणाच्या तळात पाणी शिरलं तर
त्याची हाक बदकाखाली गाडली जाईल.
घड्याळाकडे बघत राहिले. तेवीस मिनिटं.

शेवटी इंजिनाच्या आवाजात दुसरं इंजिन मिसळलं
आणि लांबून कायतानची आरोळी:
कुष्टा! माइक काढ! वायर काढ!
खट्.
त्यानंतरची शांतता मी कुठल्याच सेटवर ऐकली नव्हती.
कुणी काही बोललं नाही. तीस-पस्तीस बोटी,
एरवी माणकीच्या भावावरून आयमाय काढणाऱ्या.

सकाळी कायतान दुकानात आला, बॅटरी घ्यायला.
म्हणाला, सर्वांत जवळ मीच होतो.
आठ नॉटनी गेलो असतो.
पाचनं गेलो.
एवढंच सांगून पैसे मोजत बसला.
त्या रात्री कुणी बुडलं नाही.
हे मी अजूनही कधीकधी मोठ्यानं म्हणते.

कुष्टा दुपारी माइक घेऊन आला, फडक्यात गुंडाळून.
माझ्याकडे न बघता विचारलं,
खूप वेळ चालू होता?
म्हटलं, माझा सेट बंद होता, लाईट गेली होती.
काल लाईट गेली नव्हती. बर्फाचा कारखाना
रात्रभर चालू होता, हे त्यालाही माहीत.

बटण उघडलं. स्प्रिंगखाली मिठाचा खडा
आणि तारल्याचं एक खवल.
साफ केलं, नवी स्प्रिंग घातली, बारा रुपये.
पावतीपुस्तक पुढे केलं.
सवयीनं शाईचा पॅडही.
मग पॅड मागे ओढला, उगाच, जागा करायची म्हणून.
पेन तिथंच होतं.

त्यानं पेनकडे बघितलं,
बाहेर मांडवीकडे बघितलं, भरती चढत होती.
म्हणाला, पुढच्या खेपेक.

वहीत बिघाडाच्या रकान्यात मी लिहिलं, मीठ.